मात्रा

कोळशानं फुली मारली मी चार अंड्यांवर.
काळ्या कोंबडीचीच सगळी, नऊ.
पाच आधीची,
आणि फुलीची चार, रानमांजर रोज रात्री
सांदवाडीतल्या तुराट्यांआडून हुंगत फिरायचं
त्या दिवसांतली.
काळीचा आवाज बसला होता तेव्हा.
दाणे टाकले तरी मान वरच.

उबवायला बसवली मात्र पांढरी,
नंदेच्या घरून टोपलीत आणलेली, खुडूक.
तिनं मांजर पाहिलंच नव्हतं.

एकवीस दिवस.
फुलीच्या पिल्लांच्या पायात लाल सूत बांधलं
आणि पाहत राहिले.
घारीची सावली सोडाच,
दोरीवरची चादर हलली तरी
लाल सुताची पिल्लं जमिनीला चिकटत, दगड होत.
बाकीची पाच चोच मारत राहत,
मूर्ख, सुखी.
मांजर तर केव्हाच गेलं होतं नहराच्या पलीकडे.

नागपुराहून येते ती तेजल,
गुरांची डॉक्टर होऊ घातलेली.
म्हणाली, काकू, बलकात आईचं रक्त उतरतं,
रक्तातले हार्मोन उतरतात.
पिल्लू घडतं ते तेच खाऊन.
जनुकं तीच राहतात हो,
फक्त कुठलं बोलेल, कुठलं गप्प बसेल
ते तिथं ठरतं थोडंफार.

मी अंगणवाडीत मुलांना अक्षरं गिरवायला देते.
म्हटलं, म्हणजे अक्षरं तीच, मात्रा वेगळी.
वड लिहिलं, एक मात्रा दिली, की वेड.
ती हसली. अर्धंच हो म्हणाली.

सहाणेवर वेखंड उगाळायची सासू, त्यालाही मात्राच म्हणायची.
एक वळसा जास्त झाला
की बाळ दिवसभर गुंगीत.

रात्री डोळा लागेना.
माझ्या दोघी. प्रणाली धानाच्या पोत्यासारखी झोपते,
वरातीचा डीजे दारात वाजो.
दिव्यानी ताटली पडली की भिंतीला.
तीच कूस, तोच बाप, तीच खाट.
मधे फक्त एक मोहाचा हंगाम.

सातवा महिना होता.
पहाटे चारला फुलं वेचायला आम्ही पाच जणी.
वच्छला दोन झाडं पलीकडे.
आवाज आला नाही.
तिची टोपली उलटी पडलेली
आणि फुलं पडतच होती टोपलीवर, टप टप.
मी उभी.
पोटात हिनं हालणं थांबवलं एकदम.
नंतर दोन महिने वाघ गावाभोवतीच.
परसाकडे जाताना थाळी वाजवत जायचो.
आतून तिनं काय ऐकलं असेल, थाळी
की माझं रक्त?

"पोट्टी अशी काहून दचकते व?
तूच भेव पाजलं तिले पोटात."
पाजलं. हो.
पण वाघ माझा नव्हता, सासूबाई.
कार्डावर वजन होतं, हिमोग्लोबिन होतं,
लोहाच्या गोळ्यांचे रकाने होते.
वाघाला रकाना नव्हता.

तेजल आणखी एक बोलली, हेल्मेट घालता घालता:
पोटातल्या मुलीच्या पोटात
तेव्हाच तिची सगळी बीजं तयार असतात.
म्हणजे त्या पहाटे मोहाखाली
आम्ही दोघीच नव्हतो.
किती होतो?

परवा घार आली खरीच.
मूर्ख पाचांतलं एक गेलं.
लाल सुताची चारही आहेत, पण हलकी,
दाण्यावर धड टिकत नाहीत.
दिव्यानी ओट्यावर अभ्यास करत होती.
घार दिसायच्या आधीच तिनं मान वर केली होती.

काळी पुन्हा अंड्यावर आलीय.
खुराड्याला मी दुसरी कडी बसवून घेतली.

अंगणवाडीच्या यादीत यंदा तीन गरोदर.
वजन विचारते, गोळ्या विचारते.
आता शेवटी हेही विचारते,
रात्री कशाचा आवाज येतो तुले?
दोघी हसल्या.
तिसरीनं सांगितलं, दाराकडे पाहत, हळू.
ते मी समासात लिहिलं.