उपग्रह शोधत आहे

पावणेपाचला काळ्या कमानीपाशी
मी डावा हात वर धरून उभी.
दुधाच्या टेम्पोवाल्याला वाटतं, थांबवायलीय.
तो वेग कमी करतो, मी मान हलवते, तो जातो.
सहा वर्षं झाली, तरी दर वेळी कमी करतोच.

घड्याळ म्हणतं : उपग्रह शोधत आहे.
त्याच्या काचेवर उभा चरा.
मूळ पट्टा कधीच तुटला,
आताचा स्टेशनसमोर बॅगांच्या चेन बसवणाऱ्या पोरानं
कुठल्याशा दप्तरातून कापून शिवलेला.
सतराव्या किलोमीटरला ते मरतं.
मला मरता येत नाही, साडेआठला
सिव्हिलमध्ये एक्स-रेची रांग लागलेली असते.

नवं म्हणे चार सेकंदांत आभाळ गाठतं.
झोप मोजतं, दम मोजतं,
आणि ऊन बघून सांगतं, बाई, आज घरीच बस.
परभणीत. एप्रिलमध्ये.
हे सांगायचे छत्तीस हजार.
मृण्मयीनं पुण्याहून रंगसुद्धा निवडून पाठवलाय,
खाली लिहिलंय : आई, ते डबडं सोड आता.
तीन आठवडे ते फोनमधल्या टोपलीत पडून आहे.
रात्री उघडते, किंमत बघते, झाकते.
एकदा दोनशेनं उतरली
तर माझा अंगठा इतका पुढं गेला
की मलाच माझी भीती वाटली.

त्यात आणखी एक भानगड आहे.
विद्यापीठातल्या कडुनिंबांच्या रांगेखाली
जुन्याला काही म्हणजे काही दिसत नाही.
वळण सोडून ते सरळ रेघ मारतं,
थेट तुरीच्या प्रयोगाच्या वाफ्यातून,
जिथं पाऊल ठेवलं तर वॉचमन माझे सात पिढ्यांचे हिशेब काढील.
रोजचे दोनशे मीटर खाऊन टाकतं.
म्हणजे नवं घेतलं की
ह्याच पायांनी, ह्याच दुखऱ्या टाचेनं
मी पहिल्याच सकाळी वेगवान.
पण मग ते खाल्लेले मीटर?
दोन पेशंटांच्या मध्ये पावतीमागं गणित मांडलं,
दोनशेचाळीस किलोमीटर निघाले.
नांदेडला जाऊन, परत येऊन, पुन्हा जाऊन
तिथून थोडं पुढं.
इतकी मी गेले, कुणाला पत्ता नाही.
त्यातच कुठंतरी एकदा मी शिट्टी वाजवली होती,
चांगली दोन बोटं घालून.
कुत्री उठली होती.

सालेह चाऊस, महापालिकेचा व्हॉल्व्हमन,
टाकीचं पाणी सोडून असोल्याकडं पळतो.
कॅनव्हासचे बूट, घड्याळ नाही,
विजेचे खांब मोजतो.
त्याला विचारलं, घेऊ का?
"ले लेव आपा," म्हणाला,
"पर खंबे इत्तेच रहेंगे."
मी हसले. तो हसला नाही.
दहा-बारा खांब गेल्यावर हळूच म्हणाला,
जुनं देणार असाल तर नुजहतला बघा.
पोलीस भरतीचे आठशे मीटर पळायलीय,
भावाच्या मोबाईलवर वेळ लावती,
आणि भाऊ झोपून राहतो.

आठशे मीटर. उघडं मैदान. एक झाड नाही.
एवढं तर त्याला नक्की दिसेल.

रविवारी तिच्या मनगटावर बांधलं.
शेवटचं भोकसुद्धा सैल पडलं,
मग गरम सुईनं नवं पाडलं, जळक्या नायलॉनचा वास.
तिनं "चालू कसं करायचं" विचारलं
आणि सांगायच्या आत पळाली.
पहिल्या फेरीची वेळ कुणालाच कळली नाही.

सोमवारी पावणेपाच.
टोपलीत ते तसंच आहे, किंमत पुन्हा चढलीय.
घ्यायचं का, अजून ठरलं नाही,
मृण्मयीला सांगितलंय, बघू.
सवयीनं डावा हात वर गेला, मनगटाला गोरा पट्टा.
टेम्पोनं वेग कमी केला.
मी तशीच उभी राहिले,
मला वाटतं, तीन मिनिटं.