आधी वजन, मग ऊब

रबाळ्याच्या कारखान्यात माझं काम
दाबमापकांचे काटे शून्यावर आणायचं.
चौदा वर्षं झाली. बोटाला कळतं
कुठला स्क्रू पाव आटा जास्त फिरलाय.

आणि इथे वाशीला, तिसऱ्या मजल्यावर,
काचेच्या पेटीत
'बेबी ऑफ तेजल', फीमेल, एक किलो तीनशे ऐंशी,
आणि मला कळेना
किती दाबाने हात ठेवायचा.

पहिल्या दिवशी तिच्या दंडावरून तर्जनी फिरवली,
अगदी हलकी, मोबाईलच्या काचेवर फिरवतो तशी.
तिने दोन्ही हात फाकवून फेकले
फांदी तुटल्यावर माणूस फेकेल तसे.
पडद्यावरचा आकडा एकशे नव्वद,
आणि ते टिंग टिंग टिंग.
मी हात मागे घेतला,
कोपरापर्यंत दोनदा धुतलेला हात,
तरी हुंगून पाहिला, ग्रीस राहिलं की काय.

सिस्टर मढवी म्हणाल्या, गुदगुल्या नका करू,
एवढ्या जिवाला हलका हात टोचतो.
आमच्या घणसोलीत आजोबा होडी बांधायच्या आधी
नुसता तळवा टेकवून उभे राहायचे तिच्या कडेला,
ओढायचे नाहीत, ढकलायचे नाहीत.
तसा ठेवा. एक डोक्यावर, एक पायांशी.
आणि श्वास घ्या की, तुम्हीच कोंडून धरलाय.

ठेवला.
एका तळव्यात आख्खं डोकं,
दुसऱ्यात दोन्ही पावलं,
टाचेवर सकाळच्या सुईचे ठिपके.
काही झालं नाही.
बराच वेळ काही झालं नाही.
एसी घुमत होता. शेजारच्या जुळ्यांची आई
मास्कच्या आत नाक ओढत होती.
मग कपाळावरची आठी,
हो, त्या दोन बोटांच्या कपाळावर आठी होती,
हप्ता थकलेल्या माणसाची असते तशी,
सुटली.
एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे एकाहत्तर. एकशे चोपन्न.
काटे उतरताना मी रोज पाहतो.
हातात पेचकस नसताना
पहिल्यांदाच पाहिला.

खाली वॉर्डातून तेजलचा फोन : रडली का?
नाही.
हात लावलास?
हो.
कसा लागतो रे?
मला सांगता येईना. म्हटलं, कोमट.
ती टाके आवळून हसली, मग हसली नाही.

बाबांचा हात मला एकदाच आठवतो.
गोवर आलेला, मी सहा वर्षांचा.
तुर्भ्याच्या खाणीतून आलेला तो खरखरीत हात
रात्री केव्हातरी कपाळावर आला आणि राहिला.
त्यांना वाटलं मी झोपलोय.
मी डोळे उघडले नाहीत,
उघडले असते तर गेला असता.

कारखान्यात तपासलेल्या मापकावर चिठ्ठी लागते :
सही, तारीख, मुदत एक वर्ष.
इथे काल जमलेलं आज जमेलच असं नाही.
आज रक्त काढताना ती माझ्या उघड्या छातीवर होती.
रडली. चांगली रडली.
पण सुई निघाली तसं रडूही निघालं,
आणि नाक माझ्या बरगडीत खुपसून
तिने एक उसासा टाकला, म्हाताऱ्या बाईचा.

सात वाजले. भेटीची वेळ संपली.
सिस्टर म्हणाल्या, काढतानाही एकदम नाही हं.
आधी वजन काढा,
मग ऊब,
मग हात.

सव्वासात झालेत.
मी अजून वजनच काढतोय.