बांधकामाचं साल

न्यू बेडफर्डात डिसेंबरमध्ये चारलाच अंधारतं.
मी नगरपालिकेचा माणूस,
हातात पाटी, पाटीला फॉर्म,
दोरीला बांधलेलं पेन थंडीनं आखडलेलं.
ॲकुश्नेट रस्त्यावरचं जुनं पोर्तुगीज चर्च:
वर कुलूप, खाली तळघर भाड्यानं.
भाडेकरू मासळीच्या कारखान्यातले,
ग्वाटेमालाच्या डोंगरांतून आलेले.
परवानगी ऐंशी माणसांची.
मोजली तर सव्वाशे भरतील.
मी मोजली नाहीत.

दार उघडलं पास्कुआला इश्कोयनं.
बोटांवर शिंपल्यांचे काप, काही ताजे.
स्पॅनिश तिची दुसरी भाषा, इंग्रजी माझी तिसरी,
आणि मध्ये तिचा बारा वर्षांचा वील्मर
दोन्हीकडची वाक्यं कापून देत होता,
दुकानदार कापड फाडताना
चार बोटं राखून ठेवतो तशी.

बाहेर पडायच्या वाटा? दोन.
आग विझवायची नळकांडी? तीन, एक गंजलेलं.
बांधकामाचं साल?

मुलानं विचारलं. ती काहीतरी म्हणाली, लांबलचक.
तो म्हणाला, आई विचारतेय, कुठल्या चर्चचं?

मग तिनं माझ्या फॉर्मवर,
जिथे शेरा लिहायचा तिथे,
नखानं एक डोंगर ओढला.
वर गाव. गावाच्या मध्ये पांढरं चर्च,
एक मनोरा भूकंपात गेलेला,
दर्शनी भिंतीतल्या संतांना मुंडकी नाहीत,
मानेच्या खोबणीत कबुतरं अंडी घालतात.
पाद्री आले तेव्हा तिथे आधीच काही होतं.
ते त्यांनी पाडलं. पायऱ्या चांगल्या होत्या,
त्या राहू दिल्या.
आत लुसिया, तिच्या ताटलीत तिचे दोन डोळे.
बाहेर पायरीवर आजी धूप जाळते,
ज्यांच्यासाठी जाळते त्यांची नावं
पाद्र्याच्या वहीत नाहीत.
आत जाताना विचारतात कोण, कुठले.
पायरीवर कोण विचारणार?

वील्मरनं यातलं किती राखून ठेवलं, कोण जाणे.

आमच्या गावी एका बिननावाच्या दगडाला शेंदूर असतो.
ग्रामपंचायतीनं तिथेच ऑफिस काढलं.
दगड हलवायला गवंडी तयार होईना,
तेव्हा इंजिनियरनं भिंतच वाकडी घेतली.
अजून कपाट नीट बसत नाही तिथे.
हे मी तिला सांगितलं नाही. ड्यूटीवर होतो.

तळघरात जमिनीभर पाइनच्या हिरव्या सुया,
नाताळची झाडं विकणाऱ्याकडून मागून आणलेल्या.
(ज्वलनशील. मी लिहिलं.)
फळीवर लुसिया, प्लास्टरची, उंची वीतभर.
आणि छतावरच्या धुराच्या गजराला
एक निळी टोपी घातलेली, रबरी काठाची,
मासळीत केस पडू नयेत म्हणून
कारखान्यात देतात, ती.

मी वर पाहिलं.
तिनं मला वर पाहताना पाहिलं.
वील्मरला भाषांतराला काहीच नव्हतं.

खुर्ची घेतली, चढलो, टोपी काढली.
नियम तो नियम, म्हणालो, धूर आत चालणार नाही.
हे त्यानं पूर्ण सांगितलं, एक शब्द न राखता.
तिनं मान हलवली. मग विचारलं:
वरच्या दाराला पायऱ्या आहेत ना?

सात. ग्रॅनाइटच्या.
कुणीतरी खोऱ्यानं बर्फ सारला,
कुणी शालीखाली काडेपेटी धरली,
समुद्राकडचा वारा दोनदा विझवून गेला,
तिसऱ्यांदा कोपलचा खडा धुमसला.
कुलूप लावलेल्या दारासमोर
माणसं उभी राहिली, पाठमोरी,
कामाच्या बुटांत,
आणि ती नावं घेऊ लागली, एकेक, घाई न करता.
एक-दोन नावांशी माझाही हात उगाच जोडला गेला.

मी फॉर्म उलटसुलट पाहिला.
पायऱ्यांसाठी रकाना नाही.

सोमवारी साहेब म्हणाले, साल राहिलंय.
कोनशिलेवरचं लिहून दिलं, एकोणीसशे आठ.
भिंतींचं आहे ते.

टोपी कोटाच्या खिशातच राहिली.
बायकोनं परवा बाहेर काढली, हुंगली,
म्हणाली, मासळीचा वास येतोय,
आणि आणखी कशाचातरी.