पेवाची हवा

सांगलीच्या मार्केट यार्डात, मागच्या रांगेला, सतरा नंबर.
चुना तीन वेळा मारला,
तरी ओला हात भिंतीला लागला की पिवळा होतो.
चाळीस वर्षं इथं हळद होती.
आता दोरीनं टांगलेल्या भुसकटाच्या नऊशे पिशव्या,
आणि पिशव्यांच्या भोकांतून
बाहेर येऊ बघणारी धिंगरी.

एप्रिल. पत्र्याबाहेर एक्केचाळीस.
आत अठ्ठावीसच्या वर मला चालणार नाही.
म्हणून पत्र्यावर उसाचं पाचट, पाचटावर ठिबकची नळी,
झरोक्यांना जुनी गोणपाटं,
त्यांतून दिवसभर पिवळं ठिबकणारं पाणी,
आणि दस्तगीर शिकलगारनं बसवलेले
हवा बाहेर फेकणारे दोन पंखे,
दारावर, ऐटीत,
लग्नातल्या कर्ण्यांसारखे.

काटा सत्तावीसवर. ओल पंच्याऐंशी टक्के.
वहीत सगळं बरोबर.
धिंगरी मात्र लांब मानेची,
टोपी शर्टाच्या बटणाएवढी.
पहाटे दार उघडलं की वाटायचं,
सगळ्याजणी टाचा उंचावून
गर्दीत कुणाला तरी शोधतायत.
हॉटेलवाल्यानं तेहतीस किलो परत केली.
म्हशीनंही तोंड फिरवलं.

बाबगोंडा काका रात्रीचे राखणदार.
तरुणपणी हरिपूरला पेवांत उतरायचे.
जमिनीखाली घागरीसारखं पोट,
वर माणूस कसाबसा मावेल एवढं तोंड.
पेव फोडलं की लगेच आत जायचं नाही,
आधी कंदील सोडायचा.
विझला, तर काठावर बसून विड्या ओढायच्या.
"आमच्या यल्लाप्पाला घाई हुती,"
एवढं म्हणतात, आणि
दुसरंच काहीतरी बोलायला लागतात.

एका रात्री लाईट गेली.
मी चप्पल न घालता धावत आले.
काका चिमणी घेऊन आतच होते,
शेवटच्या रांगेत, फरशीवर, उकिडवे.
ज्योत विझली नव्हती. हलतही नव्हती.
लाईट आली, पंखे गरगरले,
ज्योत तशीच,
कॅलेंडरावर छापल्यासारखी.

"पोरी, पंखं फिरत्यात.
वारं कुठं फिरतंय?"

चिमणी उचलून उंबऱ्यापाशी ठेवली.
तिथं ती फडफडली, विझता विझता राहिली.
"दारातनं आलं, दारातनंच गेलं.
पावना च्या न घेताच माघारी.
आन् जड हवा हितं, गुडघ्याखाली बसलीया.
ती काय उडी मारून
तुज्या पंख्यात जातीया?"

मी शिकलेली. तासाला किती वेळा हवा बदलायची
हे मला तोंडपाठ होतं.
बदलत होते की.
दाराजवळचीच,
पुन्हा पुन्हा.

सकाळी दस्तगीर मशीन घेऊन आला.
मागच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर वर, दोन भोकं.
विटांचा भुगा पिवळा निघाला.
तो शिंकला, म्हणाला, "ताई, आता फोडणी तेवढी राहिली."
पंखे वरून खाली आले,
गोणपाटं सगळी समोरच्या भिंतीला.
बटण दाबलं.
काहीच नाही.
मग पहिल्या रांगेतली एक पिशवी
दोरीवर हळूच वळली.
मग तिच्या मागची.
मग कोपऱ्यातली, जिच्याकडे मी
पंधरा दिवस बघायचंच टाळत होते.

बिल चौदाशेनं वाढलं. टोप्या तळहाताएवढ्या झाल्या.
काका जैन, धिंगरीला हात लावत नाहीत,
पण दिव्यानं एकेक न्याहाळतात,
नात बघायला आल्यासारखे.

आणि अजून रोज पहाटे मला दाराबाहेर थांबवतात.
चिमणी घेऊन आधी स्वतः आत जातात,
फरशीवर ठेवतात, बघत बसतात.
मी म्हणते, काका, हे पेव नाही.
ते ऐकत नाहीत.
ज्योत मागच्या भिंतीकडे झुकली
की मगच म्हणतात,
जा.