तिसरा गिअर आहे

दारूखान्यात, जिथे जहाजं सुटी होऊन किलोवर विकली जातात,
तिथे आमची शेड. वर पाटी नाही.
बस्त्याव किणी चार चाकांच्या बुटक्या गाड्या बनवतो,
वाळूत, चिखलात, मिठागराच्या बांधावर चालणाऱ्या,
आणि मी त्याचा हिशेब लिहिते.

गेल्या महिन्यात लोखंडवाल्याहून एक मुलगा आला.
फोनवर व्हिडिओ: वाळूच्या टेकाडावरून गाडी उडते,
चारी चाकं आभाळात, खाली कुणीतरी टाळ्या वाजवतंय.
म्हणाला, अंकल, अशी. सत्तर घोड्यांची. पैशाचं बोला.
बस्त्यावने चष्मा कपाळावर चढवून तो दोनदा पाहिला.
मग विचारलं, "हिच्यावर ठेवायचं काय?"
"ठेवायचं म्हणजे?"
"माल. उडताना माल कुठे असतो?"

मुलगा हसला. मीही हसले, पण वहीत बघून,
कारण शेडचं भाडं थकलं होतं
आणि सत्तर घोडे म्हणजे चार महिन्यांची उसंत.
बँकेतले पोंक्षे हेच सांगून थकले:
किणी, नफा मोठ्या मशीनमध्ये. छोट्यात नुसते आशीर्वाद.

एक केली होती त्याने मोठी, माझ्या आधी.
ताडपत्रीखाली अजून आहे. लाल. मांजरं झोपतात तिच्यावर.
गोराईला पहाटे, पूर्ण ओहोटीला, त्याने ती सोडली
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"गेलो, आलो. मधे काय होतं विचारू नको.
किनारा माझ्या गावचा,
आणि मला एक शिंपला आठवत नाही."
पुढे वर्षभर बघायला खूप आले.
लादायला कुणी आलं नाही.

आता बनते ती अशी:
दहाचा पाना, तेराचा पाना, एवढ्यात सगळी उघडते.
टायर अंगठ्याने दबतील इतके मऊ.
मागे पाइपांचं रॅक, पुढे आकडा.
पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चालते,
तासन् तास, आणि तापत नाही.
दुसऱ्याची फारशी गरज पडत नाही.
तिसरा आहे.

आवाजाचं त्याचं एक माप आहे, कुठल्या मीटरवर नसलेलं:
गाडीशेजारून चालणाऱ्या बाईला
ओरडायला लागू नये.
त्यासाठी सायलेन्सर चारदा कापला, चारदा जोडला.
वेल्डिंगचा खर्च माझ्याकडे लिहिलेला आहे.

मुलुंडच्या मिठागरातली एक दर सहा महिन्यांनी येते,
गंज खरवडून घ्यायला, म्हातारीने पाय चोळून घ्यावेत तशी.
मनोरीच्या रेजीन बायच्या हप्त्याच्या नोटांना
बोंबलाचा वास असतो.
पोंक्षे नाक मुरडतात,
पण मोजतात.

त्या मुलाला बस्त्यावने मनोरीलाच नेलं. मीही गेले.
होडीपासून रस्त्यापर्यंत चिखल, रॅकवर सहा क्रेट.
"चालव," म्हणाला.
मुलाने जोर दिला, अर्थातच.
वरचा क्रेट घसरला, बोंबील चिखलात.
रेजीन बाय काही बोलली नाही. वाकून एकेक उचलू लागली.
थोड्या वेळाने मुलगाही उतरला, बूट काढून.
परत चढला तेव्हा तो हळू चालवत होता,
मागे वळून वळून बघत, झोळीत पोर असल्यासारखा.

गाडी त्याने घेतली नाही.
दुसरीकडे मोठी बुक केली असं ऐकलं.
भाडं आम्ही दंडासकट भरलं,
आणि मी बस्त्यावला त्याबद्दल बोललेही, जरा तोडून.
तो कानशीने एका बुशिंगची कड घासत होता.
घासत राहिला.

पण त्या संध्याकाळी चिखलातून परत येताना
रेजीन बाय रॅकवर हात ठेवून चालत होती
आणि पलीकडच्या बाजूने चालणाऱ्या सुनेला काहीतरी सांगत होती,
हळू, घरातलं.
इंजिन चालू होतं.
मी चार पावलं मागे, आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला.

तो मी कुठल्याच वहीत लिहिलेला नाही.