लाभ

मोंढ्यात 'एक' म्हणत नाहीत.
पहिलं माप पडलं की म्हणायचं, लाभ.
मग दोन, मग तीन.
बापानं मला आकडे शिकवले ते असे,
आणि शाळेत पाढा लाभपासून धरला म्हणून
गुरुजींनी कान धरला.

मी बंडेप्पा मापाडी, उदगीर.
लायसन आहे, बिल्ला आहे, गुडघे नाहीत.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली
इथल्या डाळमिलांचे पट्टे उतरले ते उतरलेच.
इलाहीसेठनं मोटर विकली.
झुंबरलालच्या गोदामात लग्नं लागू लागली.
पुढं पाऊस आला, तूर आली,
पण ट्रक भरून बाहेर जायची,
आणि तिकडून डाळ होऊन, पिशवीत बसून,
वर चित्र लावून परत आमच्याच दुकानात यायची.
आपलीच पोर, ओळख न देणारी.

मग जिल्हा उद्योग केंद्राची ओव्हाळ मॅडम आली.
स्कूटीवर. डिक्कीत फाईल, फाईलवर डबा.
म्हणाली, एकेकटे मराल. बावीस जण मिळून एक मशीन घ्या,
तुमचा हिस्सा तुम्ही टाका, उरलेला सरकार टाकेल.
बावीस डाळवाले एका सतरंजीवर?
एकमेकांच्या काट्यावर ज्यांचा विश्वास नाही, ते?
इलाहीसेठ म्हणाला, सरकारचा हिस्सा म्हणजे पाव्हण्याचा फेटा,
दिसतो झकास,
आपल्या डोक्यावर कधी येत नाही.

फाईल तीन वर्षं हिंडली.
मुंबईला गेली, परत आली, एका सातबाऱ्यावर अडली,
साहेब बदलला, पुन्हा पहिल्यापासून.
मॅडमची बदली हिंगोलीला झाली,
तरी रविवारी एसटीनं यायची,
झुंबरलालच्या ओट्यावर बसून
सह्यांच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारायची.
इतक्या फुल्या, की मी म्हणलं,
बाई, हा कागद हाय का गोधडी?
हसली. म्हणाली, गोधडीच. टाके निघाले नाही पाहिजेत.

आता शेड उभी आहे, निळ्या पत्र्याची.
मशीन डोळेवालं.
दाणा कॅमेऱ्यानं बघतं
आणि खडा हवेच्या फुंकरीनं उडवतं.
फू. फू. फू.
बावीसपैकी चौदा मिली पुन्हा चालू.
चहावाल्या मल्लूनं दुसरी शेगडी घेतली.
गोदामातला मांडव निघाला,
खिळे अजून भिंतीत आहेत.
खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

पण आधी खडे कोण निवडत होतं?
एकोणीस बाया.
भिंतीची सावली सरकेल तशा सूप घेऊन सरकणाऱ्या.
पद्मिणबाई दाणा दोन बोटांत चोळून सांगायची,
तूर काळ्या रानाची की माळाची.
त्यांचं काय, हे मॅडमनं समासात लिहिलं होतं, पेन्सिलीनंच.
टायपिंगमध्ये समास राहून गेला.
मग मिटिंग झाली, आवाज चढले,
आणि पाकिटं भरायला घ्यायचं ठरलं,
बसतील तेवढ्या.

उद्घाटनाला मला बोलावलं, जुना माणूस म्हणून.
पहिलं पोतं काट्यावर ठेवलं. म्हणाले, मोजा.
काटा आता आकडा आपणच दाखवतो, लाल.
मी पोत्याकडं बघितलं, मग फाटकाकडं.
निळे ॲप्रन घालून बाया आत येत होत्या,
अंगठा टेकवून, एकेक.
तोंडातून निघून गेलं,
लाभ.
दोन.
तीन.
टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, पोती मोजतोय म्हातारा.
अकराला पद्मिणबाई आत आली,
पदर ॲप्रनमध्ये खोचत,
आणि तिच्यामागं फाटक लागलं.

बारा म्हणायला उघडलेलं तोंड
मी अजून मिटलेलं नाही.