दाद

पहाटे सव्वाचारला मी गंज पेठेत रस्त्यातलं झाकण उचलतो.
आत अंधार, गार लोखंड, एखादं झुरळ.
चावी खाली सोडतो, छातीइतकी उंच, वर आडवा दांडा,
आणि बावीस आटे फिरवतो. मोजून.
बावीसला मोमीनपुऱ्यातल्या शेवटच्या घरी
दुसऱ्या मजल्यावर पाणी चढतं. अठराला चढत नाही.
हे महापालिकेच्या कुठल्याच कागदावर नाही.

नाव माझं तुळशीराम खंडागळे,
पण बदीउद्दीन मुजावर सर मला सुलतान म्हणतात.
चाळीस वर्षं फारसी शिकवली त्यांनी; शेवटी शेवटी
वर्गात तीन पोरं, त्यातलं एक झोपलेलं.
पहाटेच्या नमाजाला निघाले की झाकणाशी थांबतात.
"काय सुलतान, रयत कशी आहे?"

म्हटलं, सर, गरिबाची चेष्टा करता.
तर म्हणाले, रयत म्हणजे काय माहितीय?
राखायला दिलेला कळप.
दिलेला, बाबा. विकत घेतलेला नव्हे.
मालक वर आहे. राजा नुसता राखणदार,
दिवस मावळला की मोजून परत करायचा.
बगदादेत, निशापुरात, इकडे बिदरपर्यंत
शहाण्या माणसांनी राजांना हेच सांगितलं,
फार अदबीनं,
कारण मान प्रत्येकाला एकच असते.

एकदा काठीनं डांबरावर गोल काढला त्यांनी.
फौजेवाचून तख्त नाही, पैशावाचून फौज नाही,
पिकल्यावाचून पैसा नाही,
आणि इन्साफ नसेल तर कोण कशाला पेरील?
मी म्हटलं, आणि पाणी?
सर हसले. "तेही लिहिलंय. कालवा आधी, महाल मग."

मार्चमध्ये साहेबांचा माणूस आला.
टिंबर मार्केटच्या मागे नवा टॉवर, गच्चीवर पोहायचा तलाव.
"चार आटे तर कमी करायचेत. कोण मोजतंय?"
पाकीट नाही दिलं. नुसतं माझ्या पोराचं नाव घेतलं,
तो कुठल्या खात्यात रोजंदारीवर आहे ते सांगितलं.

अठरा.
तीन दिवस अठरा.

चौथ्या पहाटे हसीनाबी रिकामी कळशी घेऊन
झाकणाशेजारी बसलेली. बोलली नाही. मीही नाही.
सर आले, आणि त्या दिवशी सुलतान म्हणाले नाहीत.
म्हणाले, "तुम्ही म्हणता ना, दाद मागितली,
दाद लागली नाही, गाण्याला दाद दिली.
फारसीत दाद म्हणजे न्याय.
आणि त्याच अक्षरांचा दुसरा अर्थ: दिलं.
बस, इतकंच. दिलं."

मग काठीकडे बघत, मला नव्हे, काठीलाच म्हणाले:
ज्यानं दहा माणसांवर हुकमत केली
त्यालाही त्या दिवशी आणतील, हात मानेशी बांधून.
सोडवला तर त्याचा न्याय सोडवील.

ते गेले. मी चावी नेहमीसारखी मानेवर आडवी टाकली,
दोन्ही मनगटं तिच्यावर लोंबती सोडली, निघालो.
रामोशी गेटापाशी मिठाईच्या बंद दुकानाच्या काचेत
एक माणूस समोरून येत होता,
हात मानेशी.

किती वेळ उभा होतो ठाऊक नाही.
दूधवाल्यानं हॉर्न दिला.
मागे वळलो. झाकण. चावी.
एकोणीस, वीस,
वर कुठंतरी बादली सरकल्याचा आवाज, एकवीस.

एप्रिलात बदलीचा कागद आला, धायरी.
पोराचं काम गेलं ते गेलंच; बायको अजून नीट बोलत नाही.
सरांना सांगितलं तर त्यांनी नुसता हात हातात घेतला,
म्हणाले काहीच नाही.

नवा पोरगा चावी घ्यायला आला, मिसरूडही नाही धड.
त्याला सगळ्या गल्ल्या दाखवल्या, शेवटचं घर दाखवलं.
बावीस, म्हटलं. त्यानं पेनानं तळहातावर लिहून घेतलं.
मग चावी उचलून मानेवर आडवी टाकली, शीळ घालत,
मनगटं दोन्हीकडून लोंबती.

म्हटलं, तशी नको.
हातात धर. जड लागू दे.